वेबसाइटवर फाइल चढत नाही? आधी अडथळा कुठे आहे ते ओळखा

बियाणे, लोखंडी सळई आणि मोसंबी यांच्या व्यापाराने जालन्याचे नाव दूरवर पोहोचविले. आज लहान दुकानदार व कारागीरही वर्षाला थोडी रक्कम भरून आपली वेबसाइट ठेवू शकतो. परंतु ती तयार करणारा मुलगा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेला की दरपत्रक बदलायचे कोणी, हा प्रश्न उभा राहतो. घरच्या संगणकावरून नवी फाइल पाठवायला बसावे तर ती मध्येच अडते. वेबसाइटवर जुने भाव राहतात आणि ते पाहून मंठ्याहून किंवा घनसावंगीहून आलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानात वाद होतो.

फाइल पाठविण्याच्या या पद्धतीला एफटीपी म्हणतात. तिचा पहिला आराखडा १९७१ साली अभय भूषण या भारतीय अभियंत्याने लिहिला. आयआयटी कानपूरमध्ये शिकून ते अमेरिकेतील एमआयटीत गेले होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, म्हणजे ही पद्धत त्याहून २४ वर्षे जुनी आहे. पूर्वी ब्राउझरमधूनही एफटीपी चालत असे. क्रोम व फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली. म्हणून फाइलझिलासारखा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घ्यावा लागतो.

ट्रकने पाठविलेला माल पोहोचला नाही तर आपण बुकिंगपासून गोदामापर्यंत एकेक टप्पा विचारतो. येथेही तसेच करावे. प्रोग्रॅमच्या वरच्या चौकटीत सर्व्हरचे निरोप येतात. त्यातील तीन आकडी क्रमांक वाचावा.

१) जोडणीच होत नाही : इंटरनेट चालू आहे का आणि सर्व्हरचे नाव बरोबर लिहिले आहे का ते पाहावे.

२) ५३० क्रमांक येतो : नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकू नये. अनेक सर्व्हर असा संगणक काही काळ बंद करतात.

३) आत प्रवेश मिळतो, पण फाइलींची यादी येत नाही, किंवा ४२५ येतो : एफटीपीत दोन वाटा असतात. एकीवरून हुकूम जातात, दुसरीवरून माल. ॲक्टिव्ह पद्धतीत दुसरी वाट सर्व्हर आपल्याकडे उघडतो आणि घरचा राउटर, मोबाइलचे इंटरनेट किंवा फायरवॉल त्याला अडवितात. सेटिंगमध्ये पॅसिव्ह पद्धत निवडावी. मग दोन्ही वाटा आपल्याकडूनच उघडतात.

४) ५५० येतो : बहुधा त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही किंवा फोल्डरचे नाव चुकले आहे. ५५२ आला तर भाड्याने घेतलेली जागा भरली आहे. मोबाइलवर काढलेले मोठे फोटो लहान करून मगच चढवावेत.

५) फाइल गेली, पण फोटो खराब दिसतो : वीज गेल्याने किंवा रेंज तुटल्याने फाइल अर्धवट राहिली असेल. दोन्हीकडचा आकार ताडून पाहावा. आकारात फरक असला तर एक कारण हेही असते की फोटो ॲस्की पद्धतीने गेला. तो बायनरी पद्धतीने पाठवावा.

६) सर्व ठीक, तरी जुनेच पान दिसते : कंट्रोल व एफ-५ ही बटणे एकत्र दाबावीत. मग फोल्डर तपासावे. पुष्कळ ठिकाणी ते पब्लिक-एचटीएमएल नावाचे असते. लिनक्स सर्व्हरवर इंग्रजी मोठी व लहान अक्षरे वेगळी धरली जातात. फाइलच्या नावात एक अक्षर मोठे पडले तरी ती वेगळी फाइल ठरते.

नवी फाइल चढविण्यापूर्वी जुनीची प्रत घरी ठेवावी. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून होस्टिंगवाल्याकडे एसएफटीपी मागावी. तिच्यात सारे काही एकाच बंदिस्त वाटेने जाते आणि तिसऱ्या मुद्द्यातील अडचणही टळते.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. वेबसाइटचे नाव व होस्टिंगचे खाते आपल्या स्वतःच्या नावावर, आपल्याच ई-मेलवर असावे. किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवून दुकान चालत नाही. काम करणाऱ्याला वेगळा पासवर्ड द्यावा आणि काम संपले की तो बदलावा.

बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून, वरून कोरडे व आतून ओले धान्य विकणाऱ्याला प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी टोकले होते. वेबसाइटवरचा भाव ही गिऱ्हाइकाला दिलेली जबान आहे. तो बदलला त्याच दिवशी फाइल चढवावी, आणि चढली की नाही ते दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावे.