'ग्रे'मधला कॅमेरा खरंच स्वस्त पडतो का?

लग्न असो की अहिराणी गाण्याचं शूटिंग, जळगाव-धुळ्यातल्या व्हिडिओग्राफरला नवा कॅमेरा घेताना हा प्रश्न पडतोच: तोच कॅमेरा 'ग्रे'मध्ये स्वस्त मिळतो, मग अधिकृत डीलरकडे का जायचं?

ग्रे मार्केटचा माल म्हणजे डुप्लिकेट नव्हे. कॅमेरा अस्सल असतो, पण कंपनीच्या अधिकृत वितरकाला वगळून देशात आलेला असतो. त्यामुळे त्याला सहसा कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. ऐन लग्नसराईत बंद पडला, तर दुरुस्तीचा खर्च तुमचाच.

आता हिशोब पाहू. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. समजा, डीलरचं बिल २,३६,००० रुपयांचं आहे. त्यात जीएसटी ३६,०००. स्टुडिओची नियमित जीएसटी नोंदणी असेल, तर एवढी रक्कम तुम्हाला भरायच्या करातून वजा होते. म्हणजे कॅमेरा पडला २ लाखांना. ग्रेवाला बिलाशिवाय २,१०,००० ला देत असेल, तर महाग कोण? नोंदणी नसेल, तर मात्र वाचणारे पैसे आणि गमावलेली वॉरंटी यांची तुलना तुम्हीच करा.

खरेदीआधी तपासा: खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी, बिलावर सिरीयल नंबर, कंपनीच्या वेबसाइटवर डीलरचं नाव. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण पक्कं बिल नसेल, तर तक्रार सिद्ध करणं अवघड.