गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का? घरात मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी कायदा नेमकं काय सांगतो, वाचा सविस्तर

जिंतूर : घरात रोजची मारहाण, त्यात पुन्हा दिवस गेलेले. बाई कशीबशी दवाखान्यात पोहोचते आणि सांगते, हे लेकरू आता नको. समोरून पहिला प्रश्न येतो, "नवरा कुठाय? त्याची सही लागंल." ज्याच्या भीतीने ती लपून आली, त्यालाच घेऊन यायला सांगितलं जातं. बाई माघारी फिरते. आठवडे निघून जातात आणि मग खरोखरच उशीर झालेला असतो.

नवऱ्याची सही हा कायद्याचा नियम नाही, ती दवाखान्यांनी पाडलेली पद्धत आहे. पण या पद्धतीचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो नवऱ्याच्या धाकात जगणाऱ्या बाईला. म्हणून कायद्यात काय आहे आणि काय नाही, हे तालुक्यातल्या प्रत्येक घराला माहीत असायला पाहिजे.

सही कुणाची लागते?

आपल्या देशात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा आहे. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. या कायद्यानुसार बाई १८ वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल, तर फक्त तिची स्वतःची लेखी संमती पुरेशी आहे. त्यासाठी 'फॉर्म सी' नावाचा कागद असतो. त्यावर नवऱ्याची, सासूची किंवा बापाची सही लागत नाही. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल, तरच पालकाची संमती लागते.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. बाईच्या मनाविरुद्ध तिचा गर्भ पाडायला लावणं हा गंभीर गुन्हा आहे. पोटात मुलगी आहे म्हणून सासरच्यांनी जबरदस्तीने 'पिशवी साफ' करून आणली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ नुसार जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. थोडक्यात, गर्भ ठेवायलाही जबरदस्ती नको आणि पाडायलाही नको.

किती आठवड्यांपर्यंत करता येतो?

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.

- ९ आठवड्यांपर्यंत : डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात करता येतो.
- २० आठवड्यांपर्यंत (साधारण साडेचार महिने) : एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरेसं.
- २० ते २४ आठवडे (साधारण साडेपाच महिन्यांपर्यंत) : दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ठरावीक बायकांनाच परवानगी आहे. त्यात बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या, १८ वर्षांच्या आतल्या, गरोदर असताना विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या आणि अपंग बायकांचा समावेश आहे.
- २४ आठवड्यांनंतर : गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय घेतं. बाईच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर मुदत आडवी येत नाही. बाकी प्रकरणात कोर्टात जावं लागतं.

बाईच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर २० आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. हा धोका ठरवताना बाई कशा परिस्थितीत राहते, पुढे तिच्यावर काय वेळ येऊ शकते, हे डॉक्टरने लक्षात घ्यावं, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे घरातली मारहाण, उपासमार, घराबाहेर काढण्याची धमकी या गोष्टी डॉक्टरला सांगितल्या तर त्या कायद्याने मोजल्या जातात. लाजेने लपवल्या तर आपलंच नुकसान होतं. गर्भनिरोधक साधन फसलं, हे कारणही कायद्याला मान्य आहे.

नवऱ्याने जबरदस्ती केली असेल तर?

फौजदारी कायद्यात १८ वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आजही बलात्कार धरली जात नाही. पण २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. गर्भपाताच्या कायद्यापुरतं 'बलात्कार' या शब्दात नवऱ्याची जबरदस्तीही धरायची, असं तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं. त्यामुळे अशा बाईला २४ आठवड्यांपर्यंतची मुदत मिळू शकते. त्यासाठी पोलिसात गुन्हा दाखल केलेला असण्याची गरज नाही. लग्न झालेली नसली तरी बाईला हाच हक्क आहे, हेही त्याच निकालात स्पष्ट झालं.

त्याच महिन्यात केरळ उच्च न्यायालयासमोर सासरच्या छळाला कंटाळून नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक तरुणी आली होती. तिचा कायदेशीर घटस्फोट झालेला नव्हता. तरीही तिला नवऱ्याची परवानगी लागणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

मग डॉक्टर का कचरतात?

याचं एक मोठं कारण शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. २०१२ मध्ये परळीत गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला आणि डॉ. सुदाम मुंडे प्रकरण राज्यभर गाजलं. २०१९ मध्ये न्यायालयाने मुंडेला १० वर्षांची शिक्षा सुनावली. त्या प्रकरणानंतर तपासण्या वाढल्या, गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर आली आणि अनेक औषध दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच सोडलं.

मुली वाचवण्यासाठी ही कारवाई गरजेचीच होती. पण त्यातून दोन कायद्यांची गल्लत झाली. गर्भाचं लिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. नियमात बसणारा गर्भपात मात्र गुन्हा नाही. बाई एकटी आली, तीन महिने उलटून गेलेले असले की काही डॉक्टर 'नको ती भानगड' म्हणून हात वर करतात किंवा स्वतःच्या बचावासाठी नवऱ्याची सही मागतात. परवानगी असलेली बाई मग गावठी औषध, काडी, झाडपाला अशा जीवघेण्या वाटेला लागते.

हंगाम आणि मुदत

तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची अडचण वेगळीच. दिवाळीच्या आसपास गेलेली जोडी मार्च-एप्रिलमध्ये परत येते. उचल नवऱ्याच्या हातात, कोयता दोघांचा. फडातून एक दिवस दवाखान्यात जायचं म्हटलं तरी खाडा पडतो. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि कायद्याची साधी मुदत साडेचार महिन्यांची. गावी परतेपर्यंत मुदत संपलेली असते. म्हणून पाळी चुकली की आठवड्याभरात तपासणी करून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. ही तपासणी आशाताईकडच्या किटवरही होते.

लहान वयात लग्न झालेल्या मुली

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के बायकांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं. अशी मुलगी गरोदर राहिली की डॉक्टरला 'पॉक्सो' कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. त्या भीतीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. पण गर्भपातासाठी आलेल्या मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही, असं २०२२ च्या त्याच निकालात म्हटलं आहे. भीतीपोटी घरीच उपाय करू नका.

काय करायचं?

१. सरकारी रुग्णालयात किंवा मान्यता असलेल्या खासगी दवाखान्यातच जा. कायद्याच्या चौकटीबाहेर केलेला गर्भपात गुन्हा ठरतो आणि जीवही जाऊ शकतो. जिंतूरमध्ये सोय झाली नाही तर परभणीला पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्या.

२. सही मागितली तर शांतपणे सांगा, "माझं वय १८ च्या वर आहे, फॉर्म सी वर मीच सही करते." नकार दिला तर कारण लेखी मागा.

३. तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

४. मारहाण होत असेल तर डॉक्टरला सांगून जखमांची नोंद करून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बळजबरीचे शरीरसंबंधही हिंसाच आहेत. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. शेजारी, बहीण किंवा आशाताई यांनीही माहिती दिली तरी चालते.

५. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२. वकील मोफत मिळण्यासाठी १५१००. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

६. गोळ्या घेतल्यावर किंवा घरगुती उपायानंतर खूप अंगावरून जात असेल, ताप किंवा चक्कर येत असेल तर थेट दवाखाना गाठा. तिथे काय झालं ते खरं सांगा.

लेकरू ठेवायचं की नाही, हे त्या बाईने ठरवायचं. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि गावाने एवढंच करायचं, की तिला वेळेत दवाखान्यात पोहोचू द्यायचं. ही माहिती बचत गटाच्या ग्रुपवर टाका. कुणाला कधी गरज पडेल, सांगता येत नाही.