फारकत, राजीनामा आणि न्यायालयाची मोहोर

हैदराबादच्या सुलतान बाजारातून आज पायी जाणाऱ्यास, आपण एके काळच्या दोन अंमलांमधली सीमा ओलांडीत आहोत, याची पुसटशीही जाणीव होत नाही. परंतु १९३३ पर्यंत हा भाग रेसिडेन्सी बाजार या नावाने ब्रिटिश रेसिडेंटाच्या अखत्यारीत होता, आणि त्या साली तो निजाम सरकारकडे परत आल्यावरच त्यास आजचे नाव मिळाले. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात कचेरीची एक निराळीच शब्दसंपत्ती मुरलेली आहे. ‘राजीनामा’ हाच शब्द घ्या. आज तो नोकरी सोडण्याचा कागद. मराठेशाहीतल्या पंचायतींपुढे तो पंचांचा निर्णय मान्य करू असे लिहून दिलेले संमतिपत्र असे. आणि निजामाच्या उर्दू अदालतींत तो तडजोडीचा लेख होता. तिन्ही ठिकाणी मूळ धातू एकच, राजी होण्याचा. पती-पत्नींनी न्यायालयात झुंजत न राहता वाटाघाटीने विभक्त व्हावे, असे कोणी सुचविताच या मराठी घरांतून जे आक्षेप ऐकू येतात, त्यांतील बहुतेक या राजीपणाचे स्वरूप नीट न उमगल्यामुळे निर्माण झालेले आहेत, असे मला वाटते.

सर्वांत रूढ आक्षेप असा, की मध्यस्थी म्हणजे मुलीची समजूत घालून पुन्हा नांदायला धाडण्याची युक्ती. या समजुतीस थोडा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमाने शक्य तेथे समेट घडविण्याचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले, आणि १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या ९ व्या कलमाने पक्षकारांस तडजोडीस साहाय्य करण्याचे कर्तव्य त्यात घातले. परंतु समेट आणि तडजोड या दोन वस्तू भिन्न आहेत. समेटात संसार पुन्हा जुळतो. तडजोडीत तो जुळेल किंवा सन्मानाने संपेलही, आणि संपावयाचा असेल तर कोणत्या अटींवर, हे उभयतां ठरवितात. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका दांपत्याच्या दाव्यात २२ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने कुटुंब न्यायालयांस वैवाहिक तंटे मध्यस्थी केंद्रांकडे पाठविण्याचा जो आदेश दिला, त्याच दाव्यात पतीस घटस्फोटही मंजूर केला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरा समज मध्यस्थाच्या अधिकाराविषयीचा. आपल्या संस्कारांत पंच बसलेला आहे. वडीलधारा मनुष्य दोन्ही बाजू ऐकतो आणि शेवटी फैसला सांगतो. निवाडा देणारा तो लवाद. मध्यस्थ निवाडा देतच नाही. तो उभयतांस एकत्र बसवितो, मग प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलतो, कोणास काय हवे आणि ते का हवे हे उकलून दाखवितो, आणि अटी मात्र त्यांच्याच तोंडून येऊ देतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. समजा, या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावर पति-पत्नी दोघेही बसत आलेली आहेत. भाडेपट्टा पतीच्या नावे, गिऱ्हाइके पत्नीने जोडलेली, तिचे दागिने माल भरण्यासाठी गहाण पडलेले, आणि आठ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी आजीपाशी अभ्यासाला बसणारी. न्यायालय पोटगीचा आकडा ठरवील, स्त्रीधनाविषयी हुकूम देईल, मुलीचा ताबा आणि भेटीचे वार नेमून देईल. परंतु दागिने आधी सोडवावेत की दुकानाचे देणे आधी फेडावे, सणासुदीच्या हंगामात कोणी कोणत्या घाऊक व्यापाऱ्याशी व्यवहार पाहावा, आजीकडची संध्याकाळ चालू राहावी की नाही, या ज्या गोष्टींवर त्या तिघींचे, म्हणजे माय-लेकी आणि आजी यांचे, पुढचे आयुष्य अवलंबून आहे, त्यांना अर्जात आणि जबाबात सहसा जागाच मिळत नाही. मध्यस्थाच्या मेजापाशी मात्र त्या प्रथम येतात. मुलांच्या बाबतीत एक मर्यादा तरीही राहते: आईबापांनी काहीही ठरविले, तरी मुलाच्या हिताविरुद्ध असलेली अट न्यायालयावर बंधनकारक नसते, आणि ती पुढे बदलताही येते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचा गैरसमज, आणि माझ्या मते सर्वांत घातक, असा, की उभयतां राजी असली म्हणजे न्यायालयाचे कारणच नाही. मुद्रांकाच्या कागदावर फारकत लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या, नोटरीचा शिक्का मारावा, की झाले. सोडचिठ्ठी आणि काडीमोड हे शब्द मराठीत जिवंत आहेत, कारण अनेक जातींत त्या रूढी खरोखरच चालत होत्या, आणि विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क राखूनही ठेवला आहे. परंतु अशी रूढी त्या समाजात प्राचीन आणि अखंड आहे, हे तिचा आधार घेणाऱ्याने पुराव्याने शाबीत करावे लागते. ते न साधल्यास विवाह कायम राहतो, आणि त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते. मुसलमान शेजाऱ्यांच्या कायद्यात परस्परसंमतीने होणारी मुबारात आहे. हिंदू विवाहास मात्र, अशी रूढी नसेल तर, न्यायालयाच्या हुकूमनाम्यावाचून गत्यंतर नाही.

येथे रखमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. बालपणी झालेल्या लग्नाचा पती दादाजी भिकाजी याने, पत्नीने नांदावयास यावे म्हणून, १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात तो निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये पतीकडे जा अन्यथा सहा महिने कारावास भोग, असा हुकूम झाला, तेव्हा त्या मानी स्त्रीने कारावास पत्करीन असे सांगितले. त्या काळी साऱ्या देशभर गाजलेल्या या तंट्याचा शेवट न्यायासनापुढे झाला नाही. १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची बजावणी न करण्याचे मान्य केले, आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. तडजोड करणारी स्त्री दुबळी असते, असे म्हणणाऱ्यांनी या स्त्रीकडे पाहावे. परंतु हेही पाहावे, की त्यांच्या विवाहाचे विच्छेदन करण्याची तरतूदच तेव्हाच्या कायद्यात नव्हती. म्हणून त्या तडजोडीने त्यांना तुरुंगातून वाचविले, विवाहबंधनातून मुक्त केले नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे १३-ब हे कलम हिंदू विवाह कायद्यात येण्यास १९७६ साल उजाडावे लागले.

मध्यस्थीत बोललेला शब्द उद्या वकील भर न्यायालयात उच्चारील, ही भीतीही अस्थानी आहे. मध्यस्थाने न्यायालयास तडजोड झाली असल्यास तिचा लेख द्यावा आणि न झाल्यास एवढेच कळवावे, मध्ये कोण काय बोलले ते कळवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे.

राहिला प्रश्न बळाच्या विषमतेचा, आणि तो मी हलका मानीत नाही. ज्या घरात मारहाण आहे, धाक आहे, पैशाची किल्ली एकाच्याच कमरेला आहे, तेथे समोरासमोर बसविणे हाच अन्याय होऊ शकतो. अशा स्त्रीने प्रथम २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण मागावे, अंतरिम पोटगी मागावी, आणि मेजापाशी बसण्यास नकार द्यावयाचा असेल तर निःसंकोच द्यावा. उत्पन्न लपविले जाईल, ही शंका असल्यास नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून उगम पावलेल्या दाव्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात उभय पक्षांनी मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे असा जो दंडक घातला, त्याचा आधार घ्यावा. ते पत्रक हाती आल्याखेरीज एकरकमी पोटगीचा आकडा उच्चारू नये. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य साहाय्याचा हक्क दिलेला आहे.

अखेर मुदतीविषयी. परस्परसंमतीच्या अर्जापूर्वी किमान एक वर्ष विभक्त राहणे आवश्यक आहे, आणि हे विभक्तपण एका छपराखालीही असू शकते. पहिल्या अर्जानंतरचे सहा महिने मात्र अनुल्लंघ्य आहेत, असे जे सर्रास सांगितले जाते, ते आता खरे नाही: विभक्तपणाचा पुरेसा काळ लोटला असेल, समेटाचे सारे प्रयत्न थकले असतील आणि पोटगी, ताबा आदी प्रश्न खऱ्या अर्थाने मिटले असतील, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असा निर्णय १२ सप्टेंबर २०१७ रोजी झाला. तसेच, एकदा सही केली की परतीची वाट बंद झाली, हेही खरे नाही. दुसऱ्या अर्जाच्या वेळी न्यायाधीश उभयतांस समक्ष विचारतात, संमती स्वखुशीची आहे आणि अद्याप कायम आहे याची खातरजमा करतात. आणि त्या क्षणी, इतक्या बैठकांनंतर, दोघांपैकी एकाने नाही म्हटले, तर संमतीच्या आधारावर हुकूमनामा होत नाही.