दर फेरीला सहा

सकाळी गॅलरीचं दार उघडावं, तर मोगऱ्याच्या कुंडीतली निम्मी माती फरशीवर, मुळं उघडी आणि मधोमध खळगा. रात्री सोसायटीतली करडी मांजर येऊन गेलेली असायची. तिला तरी कसा दोष द्यायचा? विष्ठा मातीत पुरायची, हे मांजरांच्या रक्तातच आहे. आमच्या फरसबंद आवारात ताजी खुरपलेली, भुसभुशीत माती फक्त कुंडीतच उरलीय.

दगड रचून पाहिले, तर पाणी घालताना दर वेळी उचलायला लागायचे. शेवटी मावशी म्हणाली, "अगं, क्रोशाची चकती विण. मधे खोडापुरतं भोक ठेव, एका बाजूने फट ठेव म्हणजे रोपाला बाहेरून घालता येईल. फटीला दोन बटणं लाव."

"पण ती सपाट कशी राहणार?"

"मुके खांब घाल आणि दर फेरीला सहा वाढव. भोक केवढंही असू दे, सहाच."

त्या 'केवढंही असू दे'वर मी अडले. छोट्या भोकाला सहा, तर मोठ्याला जास्त नकोत का? कागदावर वर्तुळं काढली आणि थक्क झाले. मुका खांब हा टाका जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच. म्हणजे दर फेरीला त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि त्रिज्या एकाने वाढली की परीघ २π, म्हणजे ६.२८ने वाढतो. वर्तुळ आधी केवढं होतं, याचा त्यात काही संबंधच नाही! पृथ्वीच्या विषुववृत्ताला, म्हणजे जवळपास ४०,००० किलोमीटरला, दोर गुंडाळला आणि तो सगळीकडून एक मीटर वर उचलायचा म्हटलं, तरी जादा दोर लागेल फक्त ६.२८ मीटर. कुंडीलाही तोच हिशोब, पृथ्वीलाही तोच. सहाच्या पुढचं ते थोडंसं टाक्यांच्या ताणात जिरून जातं. साधा खांब मुक्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून खांबांची चकती विणताना बारा वाढवतात.

मी २४ टाक्यांवर सुरुवात केली. फट ठेवायची म्हणून फेरी पूर्ण न जोडता टोकाला पोचलं की उलटं फिरायचं. २६ फेऱ्यांनी १८० टाके झाले, आणि चकती १२ इंची कुंडीवर पापडासारखी सपाट बसली. मग वाढवणं थांबवलं. लगेच कड खाली वळली आणि टोपीसारखी कुंडीच्या काठावर चढली. शेवटच्या फेरीतून नाडी ओवून आवळली.

वाढ कमी केली तर टोपी होते, मग जास्त केली तर? चुण्या पडतात. परीघ एवढा वाढतो, की सपाट जागेत मावतच नाही. दैना तैमिन्या या लाटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात असताना हेच केलं. अतिपरवलयी भूमितीचे कागदी नमुने हाताळताना फाटायचे, म्हणून त्यांनी ते क्रोशाने विणले. त्या भूमितीत दिलेल्या रेषेला तिच्याबाहेरच्या एका बिंदूतून कितीतरी समांतर रेषा जाऊ शकतात, आणि त्यांच्या विणलेल्या नमुन्यावर त्या चक्क बोटाने चाचपून पाहता येतात. माझ्या गॅलरीतल्या कोंबड्याच्या फुलाच्या तुऱ्यालाही अशाच चुण्या आहेत. आता त्याच्याकडे पाहिलं, की नकळत टाके मोजायला लागते.

दोऱ्याचं मात्र सांभाळायला हवं. सुती दोरा ओल्या मातीवर कुजतो, कारण त्यातलं सेल्युलोज हे मातीतल्या बुरशीचं खाद्यच. मी नायलॉनचा घेतला. वीण घट्ट हवी, नाहीतर नखं अडकतात. आणि दोऱ्याचं एकही टोक लोंबतं ठेवायचं नाही. मांजराने दोरा गिळला तर आतडी आवळली जाऊन जिवावर बेतू शकतं.

चकती घातल्यावर तिसऱ्या रात्री मी जागीच होते. मांजर आली, पंजा दाबला. वीण दबली, शेजारच्या टाक्यांनी भार वाटून घेतला, पंजा उचलताच पुन्हा वर आली. तिने दोनदा उकरून पाहिलं, हुंगलं आणि कठड्यावरून निघून गेली. सकाळी पाणी घातलं. प्रत्येक टाक्यात थेंब क्षणभर थांबला आणि खाली मुरला.

काल तुळशीच्या कुंडीचं काम घेतलं. तिचं खोड आता जून झालंय, म्हणून भोक मोठं धरलं. ४० टाके. पुढची फेरी ४६ची.