आपला लाल कोणता?

तुमच्या कपाटात, साड्यांच्या घडीमागे किंवा बांगड्यांच्या डब्यात, एकदाच लावून ठेवून दिलेली एखादी लाल लिपस्टिक आहे का? असणारच. माझ्याकडे तर तीन होत्या. एक लग्नात आलेल्या मेकअपच्या डब्यातली, दुसरी नणंदबाईंनी पुण्याहून आणलेली आणि तिसरी मी स्वतः बाजारातून घाईघाईनं घेतलेली. मी बिलोलीला राहते, घर सांभाळून शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. ती तिसरी लिपस्टिक लावून मी स्नेहसंमेलनाला गेले. पाचवीतल्या एका चिमुरडीनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, पान खाल्लं का तुम्ही?"

त्या वेळी मीही हसले. पण घरी आल्यावर आरशात पाहिलं तर पोरीचं काही चुकलं नव्हतं. ओठांच्या कडेला केशरी रेघ, मधे फिकट, आणि दातावर एक ठिपका! लिपस्टिक टाकून देणार होते. मग म्हटलं, आपण पोळी शिकलो, शिवण शिकलो, तेही पहिल्या दिवशी कुठं जमलं होतं?

तालुक्याच्या गावी आपल्याला लिपस्टिक मिळते ती जनरल स्टोअर्समध्ये. पिना, रिबिनी, टिकल्या, वह्या आणि लिपस्टिक एकाच काचेखाली. काउंटरपलीकडे पुरुष, मागे चार ओळखीची माणसं. दुकानदार ट्यूबलाइटच्या उजेडात नळी उघडतो, "मॅडम, हाच शेड सध्या चालतो," म्हणतो. आपण मान हलवतो आणि ती पर्समध्ये टाकून निघतो. साडीचा पदर दुकानाच्या दारात नेऊन उन्हात बघणाऱ्या आपण बायका, लिपस्टिक मात्र चोरीचा माल घ्यावा तशी घेतो. पहिली चूक इथंच होते.

आमच्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. मी आरशासमोर बसले की त्या दारातून विचारणार, "काय करूलालीस बाई? ओठ रंगवायची रीत नाही आपल्यात." रीत नाही कशी? आमचा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जेवण झालं की विडा हवाच. चुना, कात आणि सुपारी तोंडात एकत्र आली की तो लाल रंग सुटतो, आणि ज्या नव्या नवरीचा विडा अधिक रंगेल तिच्यावर नवऱ्याचं प्रेम अधिक, असं म्हणून बायका तिला छेडत. म्हणजे ओठ लाल व्हायचेच, फक्त डबी पितळेची होती! आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. का गप्प झाल्या ते मला फार नंतर कळलं.

लिपस्टिकही आता आपल्याला नवी राहिलेली नाही. परदेशी प्रसाधनांवर देशाचा पैसा बाहेर जाऊ नये म्हणून टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेच्या नायिकेचं, आणि ते मुळात आपल्या 'लक्ष्मी'चंच फ्रेंच रूप! १९६१ मध्ये सिमोन टाटा या कंपनीत आल्या आणि भारतीय बाईचा वर्ण डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी ती वाढवली. १९९८ मध्ये टाटांनी ती हिंदुस्तान लिव्हरला विकली. नळीत असतं तरी काय? मेण, तेल आणि रंग. तेल बहुधा एरंडाचं, ज्याच्या नावानं लहानपणी आपण पळत होतो तेच. काही लाल रंग मात्र कोशिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. शाकाहाराबाबत काटेकोर असाल तर 'कार्माइन' हा शब्द घटकांत आहे का, ते पाहा. काही वेष्टनांवर हिरवा किंवा तांबडा ठिपकाही असतो.

आता मुख्य प्रश्न, आपला लाल कोणता? आमच्याजवळच धर्माबादला मिरचीचा मोठा बाजार आहे. तिथं मिरचीचे ढीग पाहिले की लाल म्हणजे एकच रंग नव्हे, हे पटतं. कुठं नारिंगी झाक, कुठं विटकरी, कुठं काळपट. लिपस्टिकचंही तसंच. एक लाल पिवळ्याकडे झुकणारा, म्हणजे केशरी, विटकरी. दुसरा निळ्याकडे झुकणारा, म्हणजे डाळिंबी, जांभळट. अंगावर सोनं अधिक खुलत असेल तर पहिल्या जातीतला लाल आधी बघा, चांदी खुलत असेल तर दुसऱ्या. पण हा केवळ अंदाज, बरं का. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर विटकरी किंवा गडद डाळिंबी बहुधा शोभून दिसतो. फिका, गुलाबीसर लाल सावळ्या ओठांवर राखाडी दिसायची भीती असते. दात पिवळसर असतील तर केशरी लाल त्यांची चहाडी करतो, तर निळसर झाकेचा लाल दात पांढरे दाखवतो.

रंग मनगटावर लावून पाहू नका. ओठांचा स्वतःचा एक रंग असतो, तो वरच्या रंगात मिसळतोच. त्या मानानं बोटाचं पेर ओठाला जवळचं. पेरावर रंग घ्या, दुकानाच्या दारात या आणि दिवसाच्या उजेडात पेर चेहऱ्याजवळ धरून आरशात बघा. दुकानातली सगळ्यांना दाखवायची नळी थेट ओठाला कधीच लावू नका. दहा जणींचे ओठ तिला लागलेले असतात. आपली लिपस्टिक बहिणीबहिणींतही वाटून घेऊ नये, विशेषतः ओठावर फोड आलेला असताना.

मीही हे असंच शिकले. गेल्या वर्षी पुतणीचं लग्न होतं. खरेदीला मी आणि माझी धाकटी जाऊ एस.टी.नं नांदेडला गेलो. वजिराबादेत साड्या झाल्या, बांगड्या झाल्या. मग एका दुकानात मी धीर करून तीन लाल मागितले आणि दारात आले. जाऊ पिशव्या सांभाळत उभी. तिचा वर्ण माझ्यापेक्षा सावळा, म्हणून फरक कळावा यासाठी डाळिंबी लाल मी तिच्या बोटावर ओढला. तिनं हात मागे घेतला. "माझ्यासाठी नको, अक्का. तुमच्यासाठीच बघा." तिचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. वय अवघं तेहेतीस.

मी काही बोलले नाही. माझ्यासाठी विटकरी घेतला. परतताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. नायगाव गेलं, नरसी गेलं, आणि तिच्या बोटावरचा तो रंग तसाच. रुमाल मांडीवर होता, पण तिनं तो पुसला नव्हता. अधूनमधून बोट उन्हात धरून बघत होती. पुढच्या खेपेला नांदेडला गेले तेव्हा मी तो डाळिंबी घेऊन आले.

ते पुढं सांगते. आधी लावायची रीत. आदल्या रात्री ओठांना किंचित तूप चोळा. सकाळी ओल्या मऊ फडक्यानं हलकेच पुसा, म्हणजे सालपटं निघतात. ओठ कोरडे टिपून घ्या, कारण तुपावर रंग ठरत नाही. आता खालच्या ओठाच्या मध्यापासून कडेकडे लावा, मग वरचा ओठ. कड फिसकटली तर कापसाच्या बोळ्यानं नीट करा. एक पातळ कागद ओठांत धरून टिपा, अगदी थोडी पावडर लावा आणि दुसरा हात द्या. शेवटी स्वच्छ बोट ओठांत धरून बाहेर ओढा. दाताला लागणारा रंग बोटावर येतो. पंगतीत बसण्याआधी लक्षात ठेवा, मेण-तेलाचा रंग तेलकट रश्शानं निघतो. जेवून मगच पुन्हा लावावा. रात्री साबणानं घासू नका, खोबरेल तेलाचा बोळा पुरे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा लिपस्टिक खिडकीत किंवा एस.टी.च्या प्रवासात पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका, ती पाझरते. तेलाचा खवट वास आला, तर ती कितीही महाग असो, टाकून द्या. लाल ओठ असले की डोळ्यांना काजळ पुरे. नथ, हिरवा चुडा आणि लाल ओठ एवढ्यानं चेहरा भरतो.

आणि वेष्टन वाचा. लिपस्टिक थोडी का होईना, पोटात जातेच. सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम आहेत. त्यांनुसार शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं रंगासाठी वापरायला मनाई आहे, आणि रंगात अशुद्धी म्हणून येणारं शिसंही दहा लाख भागांत वीस भागांवर चालत नाही. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसलेली नळी दहा रुपयांना मिळाली तरी घेऊ नका. शेंदूर ओठांना कधीही लावू नये. त्यात शिसं असू शकतं. ओठ खाजू लागले किंवा काळवंडू लागले तर ती लिपस्टिक बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता लग्नाच्या सकाळचं. डाळिंबी नळी मी जावेच्या हातात ठेवली. "लोक काय म्हणतील?" तिनं विचारलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं, हे मी तिला पूर्वीच वाचून दाखवलं होतं. पण परिपत्रक निघालं म्हणून मांडवातल्या नजरा थोड्याच बदलतात! तिला म्हटलं, "नळीनं लावू नकोस. बोटानं घे आणि नुसतं टिप." पहिल्यांदा लावणाऱ्या प्रत्येकीला माझा हाच सल्ला आहे. बोटानं थोपटलेला रंग ओठांत मुरतो, लावल्यासारखा दिसत नाही, आपल्याच ओठांचा वाटतो.

ती थोपटत असताना आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या थबकलो. आत्या म्हणाल्या, "तुमचे मामा गेले त्या दिवशी माझी पानाची डबी उचलून नेली. मी कुणाला विचारलं नाही, मला कुणी दिली नाही." मग त्यांनी खोलीतला दिवा लावला. "अंधारात काय दिसूलालंय तुला? नीट बघून लाव."

मांडवात एक-दोघी कुजबुजल्या, हे खोटं कशाला सांगू? जाऊ अर्धा दिवस पदर तोंडाशी धरून वावरली. दुपारनंतर वाढण्याच्या गडबडीत पदर खोचला गेला, तो मग खोचलेलाच राहिला.

तेव्हा मैत्रिणींनो, आपला लाल शोधा. उजेडात शोधा, बोटावर घेऊन शोधा, वेष्टन वाचून घ्या. आणि घरात कुणी पिशव्या सांभाळत मागे उभी राहिलेली असेल, तर तिचंही बोट एकदा पुढे ओढा.