टी-शर्टचं गाव आणि तिथल्या दोन संघटना

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी टी-शर्ट करायचे ठरले की पहिला प्रश्न रंगाचा असतो, दुसरा पैशांचा. गेल्या वेळी छपाईवाल्या काकांनी तिसरा विचारला, "माल तिरुपूरचा देऊ ना?" आम्ही माना डोलावल्या. तिरुपूर कुठं आहे हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं, मलाही "तिकडं खाली कुठंतरी" एवढंच ठाऊक होतं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की कापडापेक्षा त्या गावाची गोष्टच जास्त भारी आहे. आपल्याकडे 'व्यापारी संघटना' म्हटलं की दिवाळीची रोषणाई, बंदची हाक आणि कलेक्टरला निवेदन एवढंच डोळ्यांसमोर येतं. एखादी संघटना गाव वाढवायला काय काय करू शकते, आणि तिला काय दिसत नाही, हे दोन्ही समजून घ्यायचं तर तिरुपूरकडे बघावं.

तमिळनाडूच्या पश्चिमेला, कोईमतूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर नोय्यल नावाच्या छोट्या नदीकाठी हे गाव आहे. १९६१ च्या जनगणनेत वस्ती ऐंशी हजारांच्या आसपास. कापसाचा बाजार होता, गंजीफ्रॉक विणणारे छोटे कारखाने होते. तिथं आजही कारखान्याला 'बनियन कंपनी' म्हणतात, मग तो युरोपला फॅशनचे कपडे का पाठवेना. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या निर्यातदारांमार्फत एक इटालियन खरेदीदार पांढरे टी-शर्ट घ्यायला इथं पोचला, आणि गंजीफ्रॉकचं गाव निर्यातीला लागलं. १९८५ च्या सुमारास वर्षाची निर्यात वीस कोटींच्या आतबाहेर होती. १९९० मध्ये ती तीनशे कोटींच्या जवळ गेली. आज ती तीस हजार कोटींच्या वर आहे. मूळ गाव, आसपासची खेडी धरून, २०११ मध्ये साडेनऊ लाखांच्या पुढं गेलं होतं.

आता गंमत अशी, की हे कुणा एका बड्या गिरणीमालकाने केलेलं नाही. तिरुपूरचा टी-शर्ट एका छपराखाली होतच नाही. सूत एकाकडून येतं, विणतो दुसरा, धुऊन पांढरं करतो तिसरा, रंगवतो चौथा, मग ताण काढून दाबणारा, छापणारा, बेतणारा, शिवणारा, बटणं लावणारा, तपासून घड्या घालणारा. सगळा जॉबवर्कचा मामला. यातले कितीतरी मालक एकेकाळी दुसऱ्याच्या कारखान्यात मजूर होते, त्याआधी शेतात. भूगोलाचे अभ्यासक शरद चारी यांनी 'फ्रॅटर्नल कॅपिटल' या पुस्तकात कोंगू भागातल्या गाउंडर शेतकऱ्यांचा हा मजुराचा मालक होण्याचा प्रवास मांडला आहे.

अशी साखळी स्वस्त पडते, लवचिक असते, पण एका कडीने दगा दिला की सगळ्यांचं जहाज चुकतं. रंगवाल्याने छटा चुकवली तर नुकसान कुणाचं? निर्यातदाराने पैसे अडकवले तर शिवणाऱ्याने काय करायचं? कोर्टात जावं तर निकाल लागेपर्यंत तीन फॅशनी बदलतात. म्हणूनच १९९० मध्ये स्थापन झालेल्या तिरुपूर एक्स्पोर्टर्स असोसिएशनने जी कामं हाती घेतली त्यात एक होतं लवाद मंडळ. दोन्ही बाजूंनी यायचं, कागद ठेवायचे, धंद्यातल्याच जाणत्यांनी निकाल द्यायचा. तो मानायला लावणारा पोलीस नाही, पण गावात राहायचं आणि उद्या पुन्हा ऑर्डर मिळवायची तर निकाल झुगारणं महागात पडतं. आपल्या पेठांत पूर्वी पंच बसायचे, त्याचंच हे टाय लावलेलं रूप म्हणा ना!

संस्थापक अध्यक्ष ए. शक्तिवेल यांना २००९ साली पद्मश्री मिळाली. संघटनेच्या पुढाकाराने निटवेअर फॅशन शिकवणारी संस्था निघाली, अपॅरल पार्क उभं राहिलं. मजुरीचे करारही इथं एकेका कारखान्यात होत नाहीत. मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना समोरासमोर बसून अख्ख्या गावाचा दर काही वर्षांसाठी ठरवतात. (तुकड्यावर काम करणाऱ्याच्या, किंवा ओडिशा-बिहारहून आलेल्या पोराच्या हातात तो दर पडतोच असं नाही, हेही सांगून टाकतो.)

पण खरी मोठी गोष्ट पाण्याची. रंगकामाला पाणी बेसुमार लागतं. नोय्यल नदी आधीच बारीक, विहिरी खारट होत गेलेल्या. आसपासच्या खेड्यांतल्या विहिरींतून टँकर भरून गावात यायचे. धंदा वाढायचा तर पाणी हवं आणि नगरपालिकेच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. तेव्हा राज्य सरकार, एक वित्तसंस्था आणि ही संघटना मिळून १९९५ मध्ये एक स्वतंत्र कंपनी काढली गेली. हजार कोटींवर खर्च, भवानी नदीवरून पन्नासहून अधिक किलोमीटर जलवाहिनी, दिवसाला १८.५ कोटी लिटर क्षमता. २००५-०६ च्या सुमारास पाणी आलं. खाजगी भांडवलातून पाणी आणणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या योजनांपैकी ही एक. यातला हिशेब मला फार आवडला: कारखान्यांना सुरुवातीला हजार लिटरमागे ४५ रुपये, आणि घरगुती वापरासाठी नगरपालिकेला पाचेक रुपये. म्हणजे रंगवाल्याच्या बिलातून शेजारणीचा नळ चालणार. छोट्या गावात असा सौदा एकट्या मालकाने केला नसता, सरकारलाही एकट्याने जमला नसता.

इथपर्यंतची गोष्ट एखाद्या संघटनेच्या स्मरणिकेत शोभेल. आता नदीच्या खालच्या अंगाला जाऊ.

सुती कापड रिॲक्टिव्ह रंगात रंगवताना मीठ घालावं लागतं, कारण पाण्यात भिजलेला कापूस आणि रंगाचे कण एकमेकांना दूर ढकलतात. मीठ हे भांडण मिटवतं आणि रंग धाग्याला चिकटतो. लिटरमागे चाळीस-साठ ग्रॅम मीठ ही नेहमीची बाब. कापड रंगून बाहेर येतं, मीठ मात्र सगळंच्या सगळं पाण्यात राहतं आणि ते पाणी नदीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभारली गेली, पण ती मुख्यतः रंग आणि गाळ काढायची. पाणी दिसायला बरं झालं, खारटपणा तसाच.

तिरुपूरच्या खाली नोय्यलवर ओरत्तुपालयम नावाचं धरण आहे. ते १९९२ मध्ये पूर्ण झालं, इरोड-करूरकडच्या शेतांना पाणी द्यायला. त्यात साठलं ते रंगकारखान्यांचं खारं पाणी. दरवाजे उघडावेत तर खालची जमीन जाते, बंद ठेवावेत तर आजूबाजूच्या विहिरी जातात. ज्या धरणाची वाट बघितली त्याचं पाणी नको, असं म्हणायची वेळ शेतकऱ्यांवर आली. विचार करा, काय वाटलं असेल!

मग त्यांनीही तेच केलं जे वरच्या गावाने केलं होतं. संघटना काढली. नोय्यल रिव्हर आयाकटदार्स प्रोटेक्शन असोसिएशन. आयाकटदार म्हणजे लाभक्षेत्रातले शेतकरी. ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयाने सांगितलं, रंगकारखान्यांनी नदीत एक थेंबही सोडायचा नाही, आणि तोवर सोडलेल्या पाण्यावर लिटरमागे पैशांत मोजून दंड भरायचा. रंगकारखानदारांची वेगळी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथं २००९ मध्ये हरली. खटल्याच्या नावातच दोन्ही बाजूंना 'असोसिएशन' आहे. मुदती टळत गेल्या, आणि जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने सातशेवर रंगकारखाने बंदच करायला लावले.

साखळी म्हणजे काय ते तेव्हा गावाला कळलं. रंगकाम थांबलं तर विणणाऱ्याचं, शिवणाऱ्याचं, घड्या घालणाऱ्याचंही थांबतं. कापड रंगवायला दूरच्या गावांना जाऊ लागलं, कामगार घरी परतू लागले. राज्य सरकारने २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं आणि सामायिक केंद्रांना नवी यंत्रणा बसली. पाणी बारीक पडद्यांतून दाबून गाळायचं, उरलेलं आटवायचं, मीठ वेगळं काढून पुन्हा रंगाच्या टाकीत घालायचं. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असं परत वापरता येतं. एकट्या छोट्या कारखान्याला हे झेपणारं नाही. वीस-पन्नास जणांनी मिळून एक केंद्र चालवायचं, आपापल्या पाण्याचा खर्च भरायचा. म्हणजे पुन्हा संघटनाच. वीस वर्षं एकत्र भांडायची, एकत्र पैसे काढायची सवय होती म्हणून हे उभं राहिलं असं मला वाटतं. पण ती सवय नदीकडे वळायला कोर्टाचं कुलूप लागलं, हेही तितकंच खरं. संघटना सभासदांची असते आणि नदीकाठचा शेतकरी तिचा सभासद नव्हता.

आपल्या जवळ इचलकरंजी आहे, यंत्रमागांचं गाव, आणि पंचगंगेच्या पाण्याची तक्रार तिथं नवी नाही. तिथले मित्र हे वाचून काय म्हणतील याची मला उत्सुकता आहे.

तिरुपूरमध्ये आता नवीच अडचण आहे. रंगकारखाने स्वतःचंच पाणी फिरवून वापरतात, त्यामुळे भवानीचं पाणी विकत घेणारं गिऱ्हाईक कमी झालं आणि संघटनेने हौसेनं उभी केलेली ती पाणी कंपनी कर्जात रुतली. शिवाय पाणी आटवल्यावर मिठाबरोबर जो मिश्र गाळ उरतो तो कुणालाच नको असतो. वर्षानुवर्षं तो केंद्रांच्या आवारात छपराखाली पोत्यांत रचून ठेवला जातो.