जादूचे गुपित फोडावे काय?

जादूगारांच्या धंद्यात एक नियम जवळजवळ जगभर पाळला जातो : खेळ दाखवावा, युक्ती सांगू नये. या नियमाला सर्वांत मोठा धक्का दिला तो दूरचित्रवाणीने. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर १९९७ साली मुखवटा चढवलेला एक जादूगार अवतरला आणि मोठमोठ्या खेळांची आतली बाजू त्याने घरबसल्या प्रेक्षकांना दाखवून टाकली. कार्यक्रम तुफान गाजला. पुढे मुखवटा उतरला तेव्हा आत व्हॅल व्हॅलेंटिनो नावाचा कसबी जादूगारच निघाला. त्याचे व्यवसायबंधू खवळले. आपल्याच माणसाने आपल्या पोटावर पाय दिला, अशी त्यांची तक्रार होती.

हा राग समजण्यासारखा आहे. युक्ती हेच जादूगाराचे भांडवल आणि त्याला कायद्याचे संरक्षण फार तोकडे. करवतीने बाई कापण्याच्या खेळाचे पेटंट होरेस गोल्डिन याने १९२३ साली घेतले होते. १९३३ साली एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातीत ती युक्ती उघड केली. गोल्डिनने दावा लावला आणि १९३८ साली तो हरला. पेटंट घ्यायचे तर युक्ती कागदावर मांडावी लागते, आणि तो कागद कोणालाही पाहता येतो! कुलूप लावता लावता बिचाऱ्याने किल्लीच चव्हाट्यावर ठेवली होती.

पण गुपित फुटले म्हणून खेळ मेला काय? १९५६ साली आपले पी. सी. सरकार यांनी बी.बी.सी.वर त्याच जातीचा खेळ केला. करवत फिरली, मुलगी निपचित पडून राहिली आणि कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी खरोखरच मेली, या समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांचे दूरध्वनी बी.बी.सी.कडे धडाधड येऊ लागले. (मुलगी अर्थातच सुखरूप होती.) जाहिरातीला तेव्हा तेवीस वर्षे होऊन गेली होती. एक वाट कळली तरी कुशल जादूगार दुसऱ्या वाटेने नेतो. म्हणून व्हॅलेंटिनोमुळे जादू बुडाली, हे मला तरी पटत नाही. माझा आक्षेप निराळा आहे. ज्याने आधीच सांगितले आहे की ही हातचलाखी आहे, त्याने कोणाला फसवलेलेच नसते. तिकीट काढून आपण स्वखुशीने चकतो. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी आयुष्यभर हाच प्रामाणिक धंदा केला. अशा माणसाची पेटी उघडण्यात पुरुषार्थ कसला?

मात्र युक्ती फोडण्याची परंपरा याहून जुनी आणि अधिक गंभीर आहे. १५८४ साली इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉटने हातचलाखीचे प्रयोग उलगडून दाखवणारा ग्रंथ छापला. चेटकीण ठरवून बायकांना ठार केले जात होते, ते थांबावे हा त्याचा हेतू होता. युक्ती कळली की चेटूक उरत नाही, असा त्याचा सरळ हिशेब.

महाराष्ट्रात हाच हिशेब डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मांडला. समितीचे कार्यकर्ते गावच्या चौकात किंवा शाळेत आधी बुवाचा चमत्कार हुबेहूब करून दाखवतात आणि मग उलगडा करतात. लिंबू कापताच ‘रक्त’ निघते, कारण सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावलेले असते आणि आम्लात त्याचा रंग लाल होतो. मंत्राने होम पेटतो, कारण कुंडात पोटॅशियम परमँगनेट असते आणि वरून ओतलेले ‘तूप’ वास्तविक ग्लिसरीन असते; पेटायला काही क्षण लागतात, तेवढ्यात मंत्र म्हणून होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तर आपल्या घरातल्या आजीलाही ठाऊक असते. फक्त बुवाच्या हातात ते दिसले की ती हात जोडते.

दूरचित्रवाणीने याही कामी हातभार लावला आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवून दिले. मार्च २००८ मध्ये एका मांत्रिकाने मंत्राने माणूस मारून दाखवण्याची भाषा केली. विवेकवादी सनल एडमरुकू इंडिया टी.व्ही.च्या कॅमेऱ्यासमोर त्याच्यापुढे बसले. तासन् तास मंत्र चालले. एडमरुकू हसत राहिले.

तरीही पडद्याचा भरवसा किती धरावा? कॅमेरा कोठे वळवायचा आणि काय गाळायचे, हे दाखवणाऱ्याच्या हाती. पडद्यावर पाहिलेला उलगडा हीदेखील एक ऐकीव गोष्टच. हातातल्या सुरीवर लिंबू लाल होताना पाहणे वेगळे.

या कामाची किंमत लहान नव्हती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात संमत झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे हा त्यात गुन्हा असून शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आहे.

आमच्या हर्सूलला हर्सिद्धी मातेच्या यात्रेत नवरात्रात गर्दी लोटते. तेथे कोणी टोपीतून कबुतर काढले, तर मी टाळ्या वाजवीन आणि टोपीत डोकावणार नाही. कोणी लिंबू कापून घरातली करणी दाखवू लागला, तर लिंबू त्याचे चालेल. सुरी मात्र आपल्या घरची न्यावी.